शकूमावशीचे न सरकणारे प्रवासी

शकूमावशीला कुजबुजता येत नसे. एखादं गुपित सांगायचं असलं की ती आधी इकडंतिकडं बघे, माझ्या कानापाशी तोंड आणे आणि मग असा आवाज लावी की पलीकडच्या आळीतलं कुत्रं उठून उभं राही. तिचा काही इलाज नव्हता. एसटीच्या मागच्या टोकाला उभं राहून पुढच्या ड्रायव्हरशी बोलण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. भोर आगारात ती कंडक्टर होती. भोर, नसरापूर, वेल्हे, पानशेत, या रस्त्यांवरच्या माणसांनी तिचं "चला, पुढं सरका, पुढं लई जागा हाय" हे ऐकलं नाही असं होणार नाही. पुढे जागा नसायचीच. पण मावशी इतक्या खात्रीने सांगे की माणसं सरकत, आणि सगळी एकदम सरकली की खरोखरच जागा होई. संघटना म्हणजे काय, हे मला पुस्तकातून नाही, त्या गाडीत कळलं.

अशा बाईने निवृत्त झाल्यावर काय पाळावं? जगातली सगळ्यात न सरकणारी झाडं.

आमची वाडी वेल्ह्याच्या पुढे, डोंगराच्या पोटाशी आहे. मावशीचं घर आमच्या समोर, मधे फक्त देवळाकडे जाणारी वाट. माझे आईवडील पत्रकं काढणारे. हुंडा, दारू, धरणात गेलेल्या जमिनी, भगताचा अंगारा, असा एकही विषय नसेल ज्यावर आमच्या घरातून पत्रक निघालं नाही. माझ्या शाळेच्या पुस्तकांना उरलेल्या पत्रकांचीच कव्हरं असत. भोरला छापलेले गठ्ठे मावशीच्या गाडीतून यायचे, आणि मावशी त्यांचं लगेजचं तिकीट फाडायचीच. "अगं, समाजासाठी आहे," असं बाबा म्हणायचे. "समाजाला बी वजन असतंय, दादा," असं ती म्हणायची. मग वरचं एक पत्रक काढून घाटात गाडी मंदावली की सगळ्या प्रवाशांना मोठ्याने वाचून दाखवायची. त्यामुळे बाबा तिच्यावर खूश असत. वाटायच्या आधीच निम्मा प्रचार झालेला असे.

पहिलं झाड तिला निरोपसमारंभात मिळालं. शाल, नारळ, आणि चहाच्या कपाएवढ्या कुंडीत जाड, टोकदार, पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांचं एक रोपटं. ते देणारा ड्रायव्हर भाषणात म्हणाला, "बाईंसाठी बाईंसारखंच झाड आणलंय. दिवसभर गाडीवर असल्या तरी पाण्याचं नाव न्हाई!" सगळे हसले. टाळ्या पडल्या. मावशी हसली नाही. तिने कुंडी पदराखाली घेतली आणि शेवटच्या गाडीने घरी आली.

त्या दिवसापासून तिच्या दोन सवयी आम्ही बघू लागलो. एक, ती स्वतः पाणी फार चवीने पिऊ लागली. पडवीत बसून, तांब्या वर धरून, घटाघट, मग "हांऽऽ" असा मोठा सुस्कारा. दुसरी, ती झाडांना पाणी घालेना. झाडं मात्र वाढत गेली. संख्येने, आकाराने नव्हे. कुठून पान आण, कुठून फुटवा आण, ते वाळूत नुसतं ठेवून दे आणि महिनोन् महिने बघत बस. एक कुंडी दाखवून ती मला म्हणाली, "ही बघ, केवढी झाली!" मी गेल्या वर्षी पाहिली होती तेव्हा ती जेवढी होती तेवढीच होती. "पान आलंय की नवं," ती रागावली. "तुला काय, तुझी पत्रकं रात्रीत हजार हुत्यात."

आता कोणी म्हणेल, असली वाळवंटी झाडं वेल्ह्यात? जिथे पाऊस सुरू झाला की भिंतींना शेवाळ येतं आणि डब्यातलं मीठ वाहू लागतं, तिथे? मलाही हाच प्रश्न पडला होता. मावशीने त्यावर काढलेला तोडगा बघायला लोक लांबून यायचे. भात लावताना बायका पाठीवर इरलं घेतात, बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं. मावशीने वाडीतल्या पारूआजीकडून झाडांसाठी इरली करून घेतली. तळहाताएवढी. पारूआजी हसून हसून बेजार. "शकू, ह्यांना भात लावाया नेतीस व्हय गं?" पण इरली तिने अशी सुरेख विणली की बघत राहावं. पागोळ्यांच्या तिरक्या झडीत मावशीच्या पडवीच्या कठड्यावर छोट्या छोट्या बायका ओळीने वाकून उभ्या आहेत, असंच दिसायचं.

पडवीच्या तुळईला मावशीने एक घंटा बांधली होती, तिला गाडीत असते तशी दोरी. झाडांत काही घडलं की ती दोरी ओढायची. एक टोल म्हणजे काहीतरी बिघडलंय, थांबा. दोन टोल म्हणजे चांगली बातमी, चलाऽ! वाडीला दोन्हीची सवय झाली होती. फक्त नवीन सुना दचकायच्या.

मग सोलापूरहून तिच्या सुनेने एक बियांची पुडी पाठवली. पुडीवर लिथॉप्स असं काहीसं नाव होतं, आणि चित्रात नुसते खडे. बी म्हणजे धूळच. मावशीने ते तळहातावर घेतलं, चष्मा लावला, वाकली, आणि शिंकली. निम्मं बी देवाघरी गेलं. उरलेलं तिने पसरट मातीच्या ताटात, बारीक खडीत पेरलं. त्यातून जे उगवलं त्याला झाड म्हणायची माझी हिंमत नव्हती. मधोमध चीर असलेले करडे, तपकिरी गोटे. मावशी त्यांना "दगडं" म्हणायची आणि लाडात आली की "पोरी". हे दगड वर्षातून एकदा कात टाकतात. जुना गोटा सुकत जातो, चीर उघडते आणि आतून नवा गोटा वर येतो. जुन्यातलं पाणी पिऊनच नवा वाढतो, त्यामुळे त्या दिवसांत वरून घातलेला एक पेलाही जास्तच. पावसाळ्यात तर नकोच नको. हे मावशी शिकली ते दगड मारून मारूनच. आमच्या वाडीत दगडांचं पिठलं होण्याची घटना पहिल्यांदाच घडली होती.

या दगडांना काही वर्षांनी फूल येतं, असं सुनेने सांगितलं होतं. आणि इथे मावशीचं खरं गाडं अडलं होतं. मुलगा तिला सोलापूरला कायमचं चल म्हणत होता. गुडघे गेले होते, घरी एकटी, पावसात वाट निसरडी. दर दिवाळीत तो यायचा, दर दिवाळीत भांडण. शेवटी तिने शब्द दिला. "माझ्या पोरींना फूल येऊ दे. एक फूल बघते आन गपगुमान येते. त्याच्या आदी मला ओढलंस तर घंटा वाजवीन."

मुलगा बिचारा हो म्हणाला. त्याला काय माहीत, दगडांना किती घाई असते!

घोटाळा झाला तो पारूआजीमुळे. उन्हाळ्यात कधीतरी तिने देवळाकडे जाताना ताटात डोकावून पाहिलं आणि तिला दगडातून दगड निघताना दिसला. ती कोणाला काही बोलली नाही. श्रावणापर्यंत ती गोष्ट तिने मनात ठेवली. आणि श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मावशीच्या घंटेचा एक टोल पडला. मग पुन्हा एक. पुन्हा एक.

मी धावले. मावशी ताट पोटाशी धरून उभी. दगडांवर हळद, कुंकू, बेलाचं पान, आणि खडीत पाणीच पाणी.

"गळतंय का कुठं बघ," ती ओरडली. पत्र्यातून कुंकू कसं गळेल, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

तिने पोरींना पुसलं, चुलीच्या उबेला ठेवलं, पंख्याखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी ताट आतल्या पडवीत नेलं. पुन्हा पाणी. तिसऱ्या दिवशी ती पहाटेच दाराआड लपली आणि तांब्यासकट पारूआजीला पकडलं. मागे आणखी बायका, सगळ्यांच्या हातात तांबे.

"पारूकाकी! माझ्या पोरी मारताव व्हय?"

"पोरी कशाच्या? देव हाय त्यो. सोयंभू. म्या माझ्या डोळ्यांनी बघितलाय दगडातनं दगड निघताना. तू एसटीतली, तुला काय ठावं?"

माझ्या अंगात तर आगच शिरली. मी त्या क्षणी मनात पत्रक लिहायला घेतलं होतं, शीर्षकसुद्धा ठरलं होतं. पण मावशीने मला कोपराने मागे सारलं आणि कंडक्टरच्या शांत आवाजात म्हणाली, "आता पाणी नगं. देवाला निर्जळी उपास हाय."

बायका एकदम मागे सरल्या. हात जोडले. गेल्या.

"मावशी! तू अंधश्रद्धा पसरवते आहेस!"

"तू पसरव की पत्रकं. तवर माझ्या पोरी मरत्यात," ती म्हणाली. मी तिच्याशी तीन दिवस बोलले नाही. समोरासमोर राहून न बोलणं फार अवघड असतं, विशेषतः समोरचं माणूस पडवीतून "अगं, रुसलीस व्हय?" असं साऱ्या वाडीला ऐकू जाईल असं विचारत असताना.

पण चूक तिच्याही लक्षात आली. जाता जाता कोणीतरी विचारलं होतं, "उपास कवा सुटंल, बाई?" आणि मावशीच्या तोंडातून सवयीने, गर्दी हटवायला पुढच्या गाडीची वेळ सांगावी तसं निघून गेलं होतं, "पुढच्या सोमवारी."

तो सोमवार मी विसरणार नाही. शेजारच्या वाड्यांतून, खालच्या खाचरांतून, भात लावणी आटोपलेल्या बायका इरली नि प्लास्टिकच्या खोळी पांघरून यायला लागल्या. देवाचं पारणं! कोणी दूध आणलं होतं, कोणी शहाळं, एकीने तर साबुदाण्याची खीर. दहा माणसांचं पोट बिघडेल एवढा नैवेद्य, आणि समोर सुपारीएवढे चार गोटे. एक त्यातला आधीच मऊ पडलेला.

मावशी दारात दोन्ही हात पसरून उभी राहिली. गाडीच्या दारात राहायची तशी. "गाडी फुल्ल झाली! आत जागा न्हाई! मागच्या गाडीनं या!"

"सरक, शकू," पारूआजी तांब्या उंचावून म्हणाली. "पुढं लई जागा हाय!"

सगळ्या हसल्या. मावशीसुद्धा हसली, आणि हसता हसता एकदम उंबऱ्यावर बसली.

"ऐका," ती म्हणाली. "म्या खोटं बोलले. ह्यांना उपास न्हाई. आन हे देव बी न्हाईत."

"मग हाईत तरी कोण?"

"कंडक्टर हाईत."

कोणाला काही कळेना. मलाही नाही.

"म्हंजी कसं बगा. पहाटेची पहिली गाडी. निगताना अर्धा कप च्या, त्यो बी सगळा न्हाई प्यायचा. मग दिवस मावळंस्तवर पाण्याचा थेंब न्हाई. उन्हाळा असू दे, धूळ असू दे, जीभ टाळूला चिकटू दे. का? तर ड्रायवर घाटात गाडी लावून झाडामागं जातोय. म्या कुठं जाऊ? पन्नास माणसं खिडकीतनं बघत्यात. सगळी नोकरी अशी काढली. मुतखडा झाला, दोनदा दवाखाना झाला. निरोपाच्या दिवशी त्यो मेला म्हणतोय, बाईंना पाणी लागत न्हाई. लागत व्हतं की. लई लागत व्हतं. ह्या माझ्या पोरी तशाच हाईत. असेल तेवढं अंगात धरून बसायचं. आन तुमी त्यांना तांब्या तांब्या पाजताय! जायचं कुठं त्यांनी?"

मग पारूआजीने तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "बया! म्या बाजारला जाते तवा आदल्या सांजपासनं पाणी पीत न्हाई." आणि मग जे सुरू झालं! एकीने बाजारातून परतताना टेम्पो थांबवून उसात शिरल्याची गोष्ट सांगितली. दुसरी म्हणाली, उसात तिच्या आधीच कोणीतरी होतं. एक नवी सून, जी कधी तोंड उघडत नसे, ती म्हणाली की भोरला कॉलेजला होती तेव्हा तिच्या सगळ्या मैत्रिणींकडे पाण्याच्या सुंदर सुंदर बाटल्या होत्या आणि सगळ्या संध्याकाळी भरलेल्याच परत जायच्या. हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. खीर आम्हीच खाल्ली. दगडांवर थेंबही पडला नाही.

आमच्या बाजाराच्या गावात बायकांसाठी शौचालय बांधलेलं आहे. फरशी आहे, आरसा आहे, बाहेर हसऱ्या बाईचं चित्र आहे, आणि बांधल्यापासून दाराला कुलूप आहे. त्यावर मी स्वतः पत्रक काढलं होतं, चांगलं जळजळीत. त्या पत्रकांच्या पुड्यांत लोकांनी भजी खाल्ली. तर पुढच्या बाजाराच्या दिवशी मावशी, पारूआजी आणि सगळ्याजणी गाडीतून उतरल्या त्या थेट त्या दाराशी गेल्या. किल्ली कोणाकडे? साहेबांकडे. साहेब कुठे? मिटिंगला.

"बरं," मावशी म्हणाली, "साहेब येईपर्यंत आमी हितंच बसतो. पाणी पितो."

आणि सगळ्या पायरीवर ओळीने बसून पाणी पिऊ लागल्या. घोषणा नाही, फलक नाही. नुसतं घटाघट आणि "हांऽऽ". शेजारच्या चहावाल्याने हंडा आणून ठेवला. बाजार जमला. समोरच्या कचेरीतला कारकून आधी हसत होता. मग दुसरा हंडा आल्यावर त्याच्या चेहऱ्यावर हिशोब दिसू लागला. एवढं पाणी आत जाणार, मग ते बाहेर कुठे येणार? पारूआजी त्याच्याकडे बघत, एक एक घोट घेत, अगदी प्रेमाने म्हणाली, "तुमच्या कचेरीत मोरी हाय का वो, दादा?"

साहेबांची मिटिंग तिथेच संपली, किल्ली आली, दार उघडलं. मी माझ्या छोट्या आयुष्यात पुष्कळ मोर्चे पाहिलेत, पण मागणी आणि हत्यार एकच असलेला हा पहिला. ते कुलूप पुन्हा लागलं नाही. लावायला कोणी धजलं नाही.

दसऱ्याच्या सुमारास मावशीच्या घंटेचे दोन टोल पडले. एका तपकिरी दगडाच्या चिरेतून काहीतरी डोकं काढत होतं. दातांच्या फटीत अडकलेल्या डाळीएवढं. मावशी ताटाभोवती लहान मुलीसारखी नाचली, गुडघे विसरून. बायका जमल्या, वाकून वाकून पाहिलं, आणि मग मावशीकडे पाहिलं. फूल येणं म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत होतं. दिलेला शब्द मावशीनेच साऱ्या वाडीला कुजबुजून सांगितला होता.

पारूआजी तिच्या कानाशी लागली. "शकू, घालू का तांब्याभर? कुजू दे फूल. राहशील तरी."

"काकी," मावशी म्हणाली. त्या रात्रीपासून तिने ताट उशाशी घेतलं, आणि तिचा विश्वास पारूआजीवर नव्हता की स्वतःवर, ते मला अजून कळलेलं नाही.

फूल दुपारी उमललं. ऊन तापल्यावर, सावकाश, पिवळंधमक. दगडापेक्षा मोठं. दगड त्याच्याखाली दिसेनासाच झाला. मावशीने दोरी धरली आणि दोन टोल दिले, मग ऊन उतरून फूल मिटेपर्यंत ती तिथेच बसून होती. इतका वेळ ती गप्प बसलेली मी प्रथमच पाहिली.

दिवाळी झाल्यावर ती निघाली. गुडघ्यांसाठी, मुलासाठी हे तिने एकदाही कबूल केलं नाही. "सोलापूरला कोरडी हवा. माझ्या पोरींना मानवंल," एवढंच. पोरी फळांच्या खोक्यात बसल्या होत्या, प्रत्येकीच्या डोक्यावर इरलं, पावसाळा केव्हाच संपलेला असूनही. एक दगड तिने पारूआजीला दिला होता. तो आता देवळाच्या कोनाड्यात आहे, आणि त्याला कोरडा नमस्कार करायचा असतो, हे आमच्या वाडीतलं लहान पोरही सांगेल. मी यावर पत्रक काढलेलं नाही.

गाडीची कंडक्टर तरुण मुलगी होती. मावशीने आधी खोक्याचं लगेज फाडायला लावलं. ती "राहू द्या, मावशी," म्हणत होती, तर तिच्यावरच ओरडली. मग दारात उभी राहून आमच्याकडे बघत राहिली. तेवढ्यात पारूआजी गर्दीतून पुढे आली. हातात तोच तांब्या.

"त्यांना न्हाई घालू दिलंस. आता तुला तरी घालू दे."

मावशीने तांब्या घेतला. मग वळून त्या मुलीला विचारलं, "काय गं, वाटंत सोय हाय का आता?"

"बाजाराच्या गावात हाय की," ती म्हणाली. "उघडं असतंय. मी बी थांबते तिथं."

मावशीने तांब्या वर धरला. पूर्ण गाडी, पूर्ण वाडी बघत असताना, घटाघट, एकही थेंब न सांडता, तळापर्यंत. तोंड पुसलं. "हांऽऽ!" असं म्हणाली की खिडकीतलं एक बाळ खदखदून हसलं. रिकामा तांब्या पारूआजीच्या हातात दिला, त्या कंडक्टर मुलीच्या डोक्यावरून हात लांब केला आणि दोरी दोनदा ओढली.